पाळण्यांतले पाय

‘मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या घरीं फुटबॉल खेळणारीं मुलें नसावींत. असतीं तर पाळण्यांत दिसणारे पाय आणि पुढें मैदानावर धांवणारे पाय एकाच मुलाचे असूनही एकमेकांस किती कमी ओळखतात, हें त्याच्या ध्यानांत आलें असतें. आम्हीही आयुष्याचीं पुष्कळ वर्षें या म्हणीवर भरंवसा ठेवून होतों. तो भरंवसा उडाला खरा. परंतु उडण्यास फार उशीर झाला, आणि त्या उशिराची किंमत आमच्याच घरांतील एका मुलानें मोजली. ती हकीकत आज सांगावयाची आहे.

गोष्ट २०१७ सालच्या ऑक्टोबर महिन्यांतली. सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा त्या वर्षीं भारतांत भरली होती. दिल्ली, कोलकाता, कोची, गुवाहाटी, मडगांव आणि नवी मुंबई अशा सहा ठिकाणीं सामने होते. आपल्या मुलांनीं तीनही सामने गमावले. तथापि ९ ऑक्टोबर रोजीं दिल्लीस मणिपूरच्या जीक्सन सिंगानें कोलंबियाविरुद्ध डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला, आणि जागतिक स्पर्धेंतील भारताचा पहिला गोल झाला. त्या क्षणीं आमच्या घरांत अशी कांहीं आरोळी उठली कीं, मातुश्री हातांतली जपमाळ तशीच धरून देवघरांतून बाहेर आल्या व “कोण पडलें?” म्हणून विचारूं लागल्या.

२५ तारखेस नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर स्पेन आणि माली यांचा उपान्त्य सामना होता. दिवाळी नुकतीच सरली होती व फराळ डब्यांच्या तळाशीं गेला होता. उरलेल्या चकल्या पुडींत बांधून आम्ही दोघां पुतण्यांसह सामन्यास गेलों. थोरला पंधरा वर्षांचा, धाकट्यास बारावें चालूं होतें. स्पेनचा कर्णधार आबेल रुईझ यानें दोन गोल केले, फेरान तोरेस यानें एक केला, आणि स्पेननें ३–१ असा सामना जिंकला. त्याच दिवशीं कोलकात्यास इंग्लंडनें ब्राझीलचा तितक्याच गोलांनीं पाडाव केला. तेथें इंग्लंडचे तीनही गोल ऱ्हियन ब्रूस्टर नांवाच्या एकाच मुलानें केले. परतीच्या वाटेवर वाद सुरू झाला. या मुलांपैकीं पुढें कोण मोठा होईल? थोरल्याचें मत एक, धाकट्याचें दुसरें, आणि आमचें अर्थातच सर्वांत निश्चित.

घरीं आल्यावर पैज ठरली. सतरा वर्षांच्या आंतील, फुटबॉल खेळणाऱ्या अशा तीन मुलांचीं नांवें प्रत्येकानें लिहावयाचीं, कीं जीं पुढील हंगामापासून सर्वांत अधिक सुधारतील. कागद पाकिटांत, पाकिटें मातुश्रींच्या पितळी डब्यांत, आणि डबा उघडावयाचा तो पांच वर्षांनीं दिवाळींत. आम्हीं ब्रूस्टर, रुईझ आणि इंग्लंडचाच जेडन सँचो अशीं तीन नांवें ठळक अक्षरांत लिहिलीं. थोरल्यानेंही पहिलें नांव ब्रूस्टरचेंच लिहिलें. धाकटा हातानें कागद झांकून पुष्कळ वेळ लिहीत बसला होता. तिसऱ्या दिवशीं अंतिम सामन्यांत स्पेननें दोन गोलांची आघाडी घेतली असतां इंग्लंडनें ५–२ असा विजय मिळविला. स्पर्धेंतील सर्वांत अधिक, म्हणजे आठ, गोल ब्रूस्टरच्या नांवावर जमा झाले, आणि आम्ही आमच्या भविष्यवेत्तेपणावर फारच संतुष्ट झालों.

त्या दिवसापासून आमच्या घरांत हा खेळ रूढच झाला. दरवर्षीं ऑगस्टांत इंग्लंडचा हंगाम सुरू होण्यापूर्वीं यंदा कोणता तरुण खेळाडू सर्वांत अधिक सुधारेल हें प्रत्येकानें लिहावयाचें आणि मे महिन्यांत ताडून पहावयाचें. आमचा अदमास बहुधा चुकत गेला. चूक वारंवार होऊं लागली म्हणजे मनुष्य एक तर खेळ सोडतो, नाहीं तर विचार करूं लागतो. मुलांपुढें खेळ सोडण्याची लाज वाटल्यामुळें आम्हीं दुसरा मार्ग पत्करला.

पहिली गोष्ट आमच्या ध्यानांत आली ती ही कीं, ‘आज उत्तम कोण?’ आणि ‘उद्यां अधिक सुधारेल कोण?’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, व आम्ही दुसऱ्या प्रश्नास पहिल्याचें उत्तर देत होतों. शंभरांपैकीं पंचाण्णव गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास पुढें जाण्यास पांचच गुणांची जागा उरते. पंचावन्नवाल्यास पंचेचाळीस गुणांची मोकळीक असते. हें शाळेच्या निकालपत्रकांत आम्हांस नेहमीं दिसे, मैदानावर मात्र दिसत नसे.

दुसरी गोष्ट दैवाची. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज पंडितानें १८८६ सालीं आईबाप आणि मुलें यांच्या उंचीचीं मापें प्रसिद्ध केलीं. फार उंच मातापित्यांचीं मुलें उंच खरीं, पण सरासरीनें आईबापांहून कमी उंच; आणि फार ठेंगण्यांचीं मुलें आईबापांहून कांहींशीं उंच, असें त्यास आढळलें. जेथें जेथें गुणाबरोबर योगायोगाचाही वांटा असतो, तेथें टोंकाची कामगिरी पुढच्या खेपेस मध्याकडे सरकते. फुटबॉलांत तर गोल ही वस्तु दुर्मिळ. म्हणून योगायोगाचा वांटा मोठा. हल्लीं प्रत्येक फटका कोठून मारला, पायानें मारला कीं डोक्यानें, हें पाहून पूर्वींच्या हजारों फटक्यांवरून त्याचें मोल ठरवितात. पेनल्टीचें मोल साधारणतः चारांपैकीं तीन. दुरून मारलेल्या फटक्याचें शंभरांत तीनचार. या मोलांच्या बेरजेहून ज्यानें पुष्कळ अधिक गोल केले, तो पुढील वर्षीं बहुधा खालीं येतो. आणि ज्यानें संधि भरपूर मिळवूनही गोल थोडे केले, तो बहुधा वर जातो. ब्रूस्टरच्या आठ गोलांपैकीं सहा दोनच सामन्यांत झालेले होते. मुलगा गुणी होता यांत संशय नाहीं. परंतु दोन उत्तम दिवसांस आम्ही पांच वर्षांचें वचन समजलों होतों.

तिसरी गोष्ट जन्मतारखेची, आणि ती वाचून आम्हांस प्रथम हसूं आलें. आम्हांस वाटलें, पत्रिकेचें खूळ साहेबाच्या देशांतही शिरलें! पण येथें ग्रहांचा संबंध नव्हता. १९८५ सालीं कॅनडांतील आइस-हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासतां असें दिसून आलें कीं, जानेवारी ते मार्च या महिन्यांत जन्मलेले खेळाडू फार, आणि वर्षअखेरीस जन्मलेले फारच थोडे. कारण सोपें आहे. वयोगटाची सीमा १ जानेवारी असली म्हणजे जानेवारींत जन्मलेला आणि डिसेंबरांत जन्मलेला हे दोघे एकाच गटांत उभे राहतात. दहाव्या वर्षीं अकरा महिन्यांचें अंतर म्हणजे आयुष्याचा जवळ जवळ दहावा हिस्सा. थोराड मुलगा निवडला जातो, त्यास चांगला शिक्षक व अधिक सराव मिळतो, आणि दोन वर्षांनीं तो खरोखरच अधिक चांगला खेळूं लागतो. युरोपांतील फुटबॉलांतही पुढें हेंच आढळलें. इंग्लंडांत ही सीमा १ सप्टेंबर आहे. तेथें सप्टेंबरचीं मुलें पुढें व उन्हाळ्यांतलीं मागें. कित्येक क्लबांनीं २०१५च्या सुमारास वयाऐवजीं शरीराच्या वाढीवरून मुलांचे गट पाडून सामने खेळविण्याचा प्रयोग सुरू केला, तो या अन्यायावर उपाय म्हणूनच.

हॅरी केनचें उदाहरण येथें सांगण्यासारखें आहे. जन्म २८ जुलै १९९३, म्हणजे आपल्या वर्गांतील अगदीं लहानांपैकीं. लहानपणीं आर्सेनलच्या शाळेंत तो एक वर्ष होता. पुढें त्यास तेथून निरोप मिळाला. नंतर टॉटनहॅमनें त्यास घेतलें, आणि ऐन तारुण्यांत एकामागून एक चार क्लबांना उसना दिला. २०१३ सालच्या मे महिन्यांत लेस्टरचा संघ वॉटफर्डविरुद्ध एक निर्णायक सामना खेळत असतां आरंभीं हा केन राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता. आणि त्याच बाकावर जेमी व्हार्डी नांवाचा दुसरा एक खेळाडू होता. व्हार्डीस शेफील्ड वेन्सडेनें सोळाव्या वर्षीं ‘लहान’ म्हणून वगळलें होतें, व नंतर कांहीं वर्षें तो कारखान्यांत काम करून खालच्या पायरीचे सामने खेळत असे. त्या बाकाकडे त्या दिवशीं किती जणांनीं पाहिलें असेल? केननें २०१३–१४च्या हंगामांत लीगमध्यें तीन गोल केले, आणि पुढच्या हंगामांत एकवीस. व्हार्डीनें २०१४–१५मध्यें पांच केले, आणि पुढच्या हंगामांत चोवीस. त्याच वर्षीं लेस्टर इंग्लंडचा विजेता झाला, आणि व्हार्डी तेव्हां एकोणतीस वर्षांचा होता. २०२३च्या मार्चांत केननें इंग्लंडकडून सर्वांत अधिक गोल करण्याचा विक्रम केला. एका वर्षांत तिनांचे एकवीस झाले ते कांहीं एका वर्षांत पाय बदलले म्हणून नव्हे. त्या पायांस खेळावयास वेळ मिळाला म्हणून. चौथी गोष्ट ती हीच. पुढील हंगामांत कोण सुधारेल हें सांगावयाचें असेल, तर मुलाचे पाय पाहण्यापूर्वीं त्याच्या पुढचा खेळाडू क्लब सोडून जाणार आहे कीं नाहीं, आणि नवा शिक्षक तरुणांस मैदानावर सोडणारा आहे कीं नाहीं, हें पाहावें.

आणि पांचवी गोष्ट अशी कीं, हें सर्व पाहूनही अदमास चुकतो. २०१८च्या जानेवारींत ब्रूस्टरच्या पायास भयंकर दुखापत झाली, आणि ज्या वयांत मुलें सर्वांत झपाट्यानें शिकतात, त्या वयांतलें संपूर्ण वर्ष त्याचें मैदानाबाहेर गेलें. पुढें २०२०–२१च्या हंगामांत शेफील्ड युनायटेडसाठीं लीगचे सत्तावीस सामने खेळूनही त्याचा एकही गोल झाला नाहीं. हें कोणत्या कोष्टकांत दिसलें असतें? उलट अमेरिकेंत फ्रेडी अडू हा चौदाव्या वर्षीं, २००४ सालीं, व्यावसायिक संघांत उतरला, तेव्हां त्यास दुसरा पेले म्हणून डोक्यावर घेतलें गेलें. पुढें तो अनेक देशांतील अनेक क्लबांतून हिंडला. परंतु दुसरा पेले झाला नाहीं. चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर एवढें भविष्य ठेवणाऱ्यांनीं त्याचें बरें केलें असें आम्हांस वाटत नाहीं.

येथपर्यंत आम्ही परक्या मुलांविषयीं बोललों. आतां घरचें सांगतों.

आमचा धाकटा पुतण्या डिसेंबरांत जन्मलेला. पैजेच्या पुढच्या वर्षीं, २०१८च्या पावसाळ्यांत, शाळेच्या चौदा वर्षांखालील संघाची निवड झाली व त्यांत त्यास घेतलें नाहीं. “मूल धक्क्यांत टिकत नाहीं,” असें शिक्षकांनीं सांगितलें. आपल्याकडेही वयोगटाची सीमा बहुधा १ जानेवारी असते. म्हणजे ज्या मुलांच्या धक्क्यांत त्यानें टिकावयाचें, त्यांतील कित्येक त्याच्याहून जवळ जवळ वर्षानें मोठीं होतीं. हें गणित आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. मात्र आम्हांस आमचें मत ठाऊक होतें. रात्रीं पानावर बसल्यावर आम्हीं सर्वांच्या देखत त्यास म्हटलें, “अरे, प्रत्येकाचा पिंड निराळा. तुझे पाय त्या खेळाचे नव्हेत. आतां गणितांत लक्ष घाल.” तो “बरं काका,” म्हणाला, आणि ताक न घेतांच उठला. दुसऱ्या दिवशीं त्याचे बूट माळ्यावर गेले. आमचे बंधू, म्हणजे त्याचे वडील, कांहीं बोलले नाहींत; वडील भावाच्या शब्दावर बोलण्याची आमच्या घरांत रीत नाहीं. एकत्र कुटुंबांत वडीलधाऱ्याचा अदमास हा अदमास राहत नाहीं, तो निकाल होतो, हें आम्हांस त्या वेळीं उमगलें नाहीं. मैदानावरील शिक्षकानें एका संघांतून त्यास वगळलें होतें. खेळांतून वगळलें तें आम्हीं.

पुढें चौदाव्या ते सोळाव्या वर्षांच्या दरम्यान तो चांगला वीतभर उंच झाला. आम्हीं तें पाहिलें, आणि त्याच्या विजारी आंखूड झाल्या याखेरीज त्यांतून कांहींच निष्कर्ष काढला नाहीं.

२०२२च्या दिवाळींत, भाऊबीजेच्या दिवशीं, मातुश्रींनीं पितळी डबा बाहेर काढला. आमचें पाकीट प्रथम फुटलें. ब्रूस्टरचें काय झालें तें वर सांगितलेंच आहे. रुईझ चांगला व्यावसायिक खेळाडू झाला होता. तरी त्याच सामन्यांत एकच गोल करणारा फेरान तोरेस, ज्याचें नांव आमच्या घरांत कोणासही सुचलें नाहीं, तो त्याच्यापुढें निघून बार्सिलोनाच्या पहिल्या संघांत खेळत होता. सँचो जर्मनींत जाऊन फार लवकर फार वर चढला, आणि इंग्लंडांत परत आल्यावर मंदावला होता. अंतिम सामन्यांत चौथा गोल करणारा मार्क गेही हा बचाव सांभाळणारा मुलगाही कोणाच्या कागदावर नव्हता. पुढें २०२५ सालीं क्रिस्टल पॅलेसचा कर्णधार म्हणून त्यानें एफ. ए. कप उचलला. मोठ्या अक्षरांत लिहिलेला आमचा कागद आम्हीं हळूच घडी घालून खिशांत ठेवला.

मग धाकट्याचें पाकीट फुटलें. पहिलें नांव फिल फोडेन. पुढें कंसांत बालबोध अक्षरांत लिहिलें होतें: ‘बारका आहे, पण चेंडू त्याला सोडत नाहीं.’ तोवर फोडेन मँचेस्टर सिटीसह चार वेळां लीगचा विजेता झाला होता, आणि २०२१ व २०२२ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनीं त्यास सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरविलें होतें. दुसरें नांव आपल्या संघाचा गोलरक्षक धीरज सिंग याचें. २०२१ सालीं एफ. सी. गोवा संघाकडून आशियांतील बलाढ्य क्लबांपुढें त्यानें मडगांवास जें गोलरक्षण केलें, त्याची तारीफ सर्वत्र झाली होती. तिसरें नांव वाचतांना थोरला मध्येंच थांबला. धाकटा कागद हिसकावून घेण्यास धांवला. तें नांव त्याचें स्वतःचें होतें. अक्षर इतर दोन नांवांपेक्षां लहान होतें, आणि त्यापुढें कंसांत कांहींच लिहिलेलें नव्हतें.

“काका, शर्तींत बसत होतं तें,” तो ओशाळून म्हणाला. खरेंच बसत होतें. सतरा वर्षांच्या आंतील, फुटबॉल खेळणारा मुलगा.

घरांतील मंडळी हसलीं. मुलांच्या जुन्या हस्ताक्षरास हसावें तसें हसलीं. आम्हांस हसतां आलें नाहीं. रात्रीं सर्व निजल्यावर आम्ही त्याच्या खोलीपाशीं गेलों व “त्या वेळीं मी तुला उगीच थांबवलं, माझं चुकलं,” एवढेंच बोललों. मुलांपुढें असें बोलण्याची आम्हांस संवय नाहीं. तो म्हणाला, “त्यांत काय, काका! मी कांहीं फोडेन झालों नसतों.” हें उत्तर त्यानें आमचें मन राखण्यासाठीं दिलें, आणि तें बहुतेक खरेंही असेल. परंतु प्रश्न फोडेन होण्याचा नव्हताच. पैज होती ती सुधारण्याची. तेराव्या वर्षापासून सोळाव्या वर्षापर्यंत तो किती सुधारला असता, हें आतां कोणत्याही कोष्टकावरून काढतां येणार नाहीं. कारण तीं वर्षें त्याचे बूट माळ्यावर होते.

जुने बूट अर्थातच लहान झाले होते. त्या आठवड्यांत नवे घेतले. आज तो एकोणीस वर्षांचा असून कॉलेजच्या दुसऱ्या संघांत डाव्या बाजूनें खेळतो. उशिरा सुरुवात झालेली दिसते. डाव्या पायानें चेंडू अडवितांना अजून एक क्षण अधिक लागतो. आम्ही रविवारीं मैदानावर जाऊन कडेला बसतों. शेजारीं बसलेले गृहस्थ कधींकधीं विचारतात, “तुमचा मुलगा पुढें जाईल काय हो?” आम्ही सांगतों, “आज खेळतो आहे.”

ऑगस्टांतील पैज आमच्या घरांत अद्याप चालूं आहे, आणि ती चालूं राहावी असेंच आम्हांस वाटतें. परक्या देशांतील तरुणांविषयीं भविष्य वर्तविण्यांत कोणाचें नुकसान नाहीं; आमच्या कागदावरून कोणास बाकावर बसावें लागत नाहीं. परंतु आपल्या घरांतील मुलाविषयीं जेवतां जेवतां जें भविष्य आपण वर्तवितों, त्यावरून त्याचे बूट माळ्यावर जातात, पेटीचे सूर बंद होतात, चित्रांची वही रद्दींत जाते. म्हणून आमच्या वाचकांपैकीं जे घरांतील कर्ते पुरुष अथवा वडीलधाऱ्या स्त्रिया असतील, त्यांस एवढीच विनंति आहे कीं, एखाद्या मुलाविषयीं निकाल तोंडावर येईल तेव्हां प्रथम त्याची जन्मतारीख आठवावी, त्यास आजवर वेळ किती मिळाला तो मोजावा, आणि मग शक्य तर पुढच्या हंगामापर्यंत गप्प बसावें.